काशप्पाची फेअर कॉपी

काशप्पाने बीदरच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं टायपिस्टाची नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत त्याच्या हातून खाडाखोडीचा एकही कागद बाहेर गेला नाही. हे तो स्वतःच सांगतो, पण खोटं सांगत नाही. साहेब लोक मसुद्याची लाल शाईने पार चिरफाड करून त्याच्या टेबलावर टाकत, आणि तासाभरात काशप्पा त्याची फेअर कॉपी काढून देई. मग मूळ मसुद्याचे चार तुकडे करून टोपलीत. लाल शाई डोळ्यांसमोर राहिली की त्याला जेवण जात नसे.

त्या कागदांमध्ये काय होतं, हे मात्र त्याला विचारू नये. "वाचत बसलं की बोटं अडखळतात," असं तो नव्या पोरांना शिकवी. मजकूर साहेबाचा, बोटं आपली. एकदा हुमनाबादला झालेल्या स्वतःच्याच तात्पुरत्या बदलीचा हुकूम त्याने खणखणीत टाइप केला, सहीला पाठवला, आणि संध्याकाळी शिपाई "अण्णा, पार्टी कवा?" म्हणाला तेव्हा त्याला कळलं की आपली बदली झाली. कचेरीत हा किस्सा वर्षानुवर्षं चालला. काशप्पाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. हुकुमात चूक एकही नव्हती ना, मग झालं.

त्याची बायको भागम्मा बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वरला मराठी शाळेत शिक्षिका होती. लग्न झालं आणि वर्षाच्या आत तिला तिथली ऑर्डर आली. पहिलं वर्ष ती तिथे भाड्याच्या एका खोलीत एकटी राहिली. काशप्पा शनिवारी संध्याकाळच्या गाडीने जाई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येई. पुढे तिने रोज ये-जा सुरू केली ती निवृत्तीपर्यंत. सगळी कॉलनी तिला टीचर म्हणते, आणि चारचौघांत काशप्पाही टीचरच म्हणतो.

निवृत्त झाल्यावर बायका तीर्थाला जातात, नातवंडं सांभाळतात. हिने चार जाडजूड वह्या भरून शाळेच्या आठवणी लिहिल्या. मुलगा प्रशांतकुमार हैदराबादेत. त्याने जुना कंप्यूटर आणून दिला, आणि सदुसष्टाव्या वर्षी काशप्पा मराठी टाइप करायला शिकला. वहीतली पानं त्याने सहा महिन्यांत उतरवली, दोनशे चौदा पानं. भाजी घ्यायला गेला तरी भाजीवाल्याला सांगे, "टीचरचं पुस्तक मी करायलोय." त्या सहा महिन्यांत त्याच्याइतका सुखी माणूस बीदरमध्ये शोधून सापडला नसता.

ती फाइल उदगीरच्या एका प्रकाशकाकडे गेली. प्रेमानंद त्याचं नाव. वय पंचेचाळीसच्या आसपास, छोटंसं प्रकाशन, स्वतःच संपादक, स्वतःच हमाल. महिन्याने त्याच्याकडून फाइल परत आली. काशप्पाने मोठ्या हौसेने भागम्माला शेजारी खुर्ची दिली, फाइल उघडली, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पान लालेलाल. त्याने एवढ्या मेहनतीने बसवलेल्या ओळी मधोमध रेघ मारून कापलेल्या, कडेला लाल अक्षरात दुसऱ्याच ओळी घुसवलेल्या. आणि उजव्या बाजूला, समासात, एकाखाली एक चौकटी. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर नाव : प्रेमानंद. प्रेमानंद. प्रेमानंद. जणू पुस्तक त्यानेच लिहिलंय.

"ह्यो कोण शहाणा?" काशप्पा म्हणाला.

"संपादक हाय तो. दुरुस्ती करणारच की," भागम्मा चष्मा पुसत म्हणाली. "काय लिवलंय वाचा बरं."

फोनवर प्रेमानंदने सगळं समजावून दिलं, आणि तेही इतक्या गोडीने की काशप्पाला भांडायलाही जागा उरली नाही. "काशप्पाजी, मी जे घातलंय ते लाल दिसेल. मी जे काढलंय त्यावर रेघ दिसेल. पटलं तर बरोबरच्या खुणेवर दाबा, ते कायम होईल. नाही पटलं तर फुलीवर दाबा, जुनं होतं तसं परत येईल. आणि कडेच्या चौकटींत मी ताईंना प्रश्न विचारलेत. त्यांची उत्तरं तिथेच, प्रश्नाखालीच लिहा. मी ती नंतर मजकुरात बसवतो."

काशप्पाजी म्हणे. आणि ही ताई.

काम सुरू झालं. रोज चहा झाला की भागम्मा शेजारी बसे, काशप्पा चौकट वाचे, ती उत्तर सांगे, तो टाइप करी, आणि आठवडाभराची उत्तरं झाली की ती उदगीरला पाठवी. दुरुस्त्यांचं फारसं काही नव्हतं. भागम्मा बहुतेक ठिकाणी "बराबर हाय त्येचं, दाबा" म्हणे आणि काशप्पा दात ओठ खात दाबे. खरं दुखणं चौकटींचं होतं. तो बाबा काय काय विचारे! ताई, शाळेच्या पहिल्या दिवशी तुमच्या पायात काय होतं? ताई, या पानावर तुम्ही 'मी थकले' एवढंच लिहून पुढे गेलात, कशाने थकलात?

पहिल्या दिवशी पायात काय होतं, यावर भागम्मा हसली. मग म्हणाली, "राजूबाईच्या चपला होत्या. माझ्या तुटल्त्या. घरमालकिणीनं तिच्या दिल्या. दोन बोटं मोठ्या. वर्गात फळ्याकडं जायचं म्हंजे फटाक फटाक वाजायच्या अन् पोरं हसायची."

काशप्पाची बोटं थांबली. "तुझ्या चपला तुटल्त्या? मला कुटं बोललीस?"

"तुमी इचारलाव कवा?"

तो टाइप करत राहिला.

थकण्याच्या प्रश्नावर तर तिने त्याला पुरता गारद केला. दोन वेळा तिने राजीनामा लिहिला होता. एकदा पहिल्या वर्षी, एकदा प्रशांत पोटात असताना. दोन्ही वेळा तो खडूच्या डब्यात ठेवून दिला आणि आठ-पंधरा दिवसांनी फाडला. एकेचाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाला हे आज, एका चौकटीत, स्वतःच्याच बोटांनी टाइप करताना कळत होतं. आणि कुणामुळे? उदगीरच्या त्या प्रेमानंदमुळे, ज्याने तिला पाहिलंसुद्धा नव्हतं.

काशप्पा जळत होता. याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, सकाळ-संध्याकाळ पूजा. आणि पूजेला बसला की डोळ्यांसमोर लाल अक्षरातलं नाव. भागम्मा गुणगुणत भाकरी थापायला लागली की त्याला वाटे, ही आता पुढच्या चौकटीची वाट बघतेय. ती वाट बघतच होती. गेली कित्येक वर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि आता रोज सकाळी विचारलं जात होतं. ती केसांना नीट तेल लावून कंप्यूटरपाशी येऊन बसे. हे काशप्पाने पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोळ्यांत सलत होतं.

"तुझ्या प्रेमानंदचं आज काय म्हणनं हाय बघू," असं तो मुद्दाम बोलू लागला. ती त्याकडे दुर्लक्ष करी. बायका ज्याकडे दुर्लक्ष करतात ते पुरुषाला जास्तच झोंबतं. मग तो उत्तरं टाइप करताना घाई करू लागला, ती थांबली की "झालं?" विचारू लागला, आणि ती पुढे बोलू लागली की सुस्कारा टाकू लागला.

शेवटच्या आठवड्यात सात प्रश्न उरले होते. त्यातला एक पहिल्या वर्षाच्या खोलीबद्दलचा होता. काशप्पाने तो मोठ्याने वाचला : "ताई, त्या वर्षी दर सोमवारी तुमचे यजमान बीदरला परत जात. ते गेल्यावर त्या खोलीत तुम्ही पहिलं काय करायचात? सांगावंसं वाटलं तरच सांगा."

वाचता वाचता त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. याला काय करायचंय? नवरा गेल्यावर बाई खोलीत काय करते, हे विचारणारा हा कोण? आणि वर 'सांगावंसं वाटलं तरच'! त्या 'तरच'मधली नजाकत काशप्पाला सगळ्यात जास्त बोचली. असं बोलायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. घरात "अगं, चहा" म्हटलं की चहा येतो, तिथे 'वाटलं तरच' कशाला लागतं?

"राहू दे का हे?" त्याने विचारलं. "फुली मारतो."

"नगं. सांगते मी," भागम्मा म्हणाली.

ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. मधे एकदा थांबली, एकदा पदराने डोळे टिपले, एकदा स्वतःशीच हसली. काशप्पाची बोटं सराईतपणे चालत होती आणि नजर त्या प्रश्नावर खिळली होती. पुन्हा पुन्हा तो तोच वाचत होता, सांगावंसं वाटलं तरच, सांगावंसं वाटलं तरच. तिचं संपलं तेव्हा त्याने पूर्णविराम दिला आणि चौकट बंद केली.

सोमवारी प्रेमानंदचा फोन आला. शुक्रवारी छपाईला द्यायचंय, ताईंची राहिलेली उत्तरं पाठवा, मी ती बसवतो, मग खुणा सगळ्या काढून टाकू आणि स्वच्छ प्रत तयार. "खुणा मी काढतो की," काशप्पा पटकन म्हणाला. "फेअर कॉपी काढण्यात हयात गेली माझी." पलीकडून प्रेमानंद मनापासून हसला आणि म्हणाला, "मग तर प्रश्नच नाही."

मंगळवारी दुपारी भागम्मा अक्कनबळगाच्या, म्हणजे लिंगायत बायकांच्या मंडळाच्या, बैठकीला गेली. दर मंगळवारी मठात बायका जमतात, वचनं म्हणतात, मग सुखदुःखं निघतात. दोन तास तरी जातात. रस्त्यावरून गावाबाहेरच्या कोळार वसाहतीतल्या कारखान्यांच्या दुसऱ्या पाळीच्या बसगाड्या घरघरत गेल्या आणि काशप्पा कंप्यूटरपुढे येऊन बसला.

काय करायचं ते त्याचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. त्याच रात्री मेनूमध्ये धुंडाळून त्याने एक गोष्ट शोधून काढली होती, कुणी न शिकवता. फाइलवर ज्यांनी ज्यांनी हात फिरवलाय त्यांच्या नावांची यादी निघते. त्यातल्या एकाच्याच खुणा दाखव म्हटलं की बाकीच्या लपतात, आणि दिसतात तेवढ्या सगळ्यांवर एकदम फुली मारता येते. यादीत नावं दोनच होती. निळा काशप्पा आणि लाल प्रेमानंद. त्याने निळा लपवला.

मग फुली. जिथे जिथे त्या माणसाने घातलेलं अजून लाल उरलं होतं ते एका दणक्यात गेलं, आणि जे जे त्याने कापलं होतं ते परत उभं राहिलं. मग चौकटी. पहिली काढली, दुसरी काढली, मग एकदम सगळ्या काढायचा रस्ता सापडला आणि उजवा समास पांढराशुभ्र झाला. ताई नाही, तरच नाही, काही नाही. दोनशे चौदा पानं, एक डाग नाही. त्याने फाइल जतन केली, त्याच नावावर, आणि 'फेअर कॉपी जोडली आहे' असं लिहून उदगीरला पाठवून दिली. कंप्यूटर बंद करून तो ओसरीत आला आणि स्वतःच चहा करून प्यायला. तो चहा त्याला फार गोड लागला.

भागम्मा येऊन पाय धुते न धुते तोच फोन वाजला. ती जवळ होती, तिनेच उचलला आणि सवयीने मोठा आवाज लावून मधे ठेवला.

"ताई, फाइल मिळाली," प्रेमानंद म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि काशप्पाला तेही खटकलं. "काशप्पाजींनी माझ्या उरलेल्या सगळ्या खुणा नामंजूर केलेल्या दिसतात. त्याचं काही नाही, माझी प्रत माझ्याकडे आहे, कुठलं ठेवायचं ते आपण बोलू. आधीची उत्तरंही आहेत. पण शेवटची सात उत्तरं? ती मला आलेलीच नाहीत. ती तुमच्याकडेच होती."

काशप्पाने घाईघाईने कंप्यूटर लावला. फाइल उघडली. समास पांढरा. त्याने मागे जायचं बटण दाबलं, दाबलं, पुन्हा दाबलं. बंद करून उघडलेली फाइल मागे कुठे जाणार? तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. भागम्माची उत्तरं त्याने प्रश्नांखाली, त्याच चौकटींत लिहिली होती. प्रश्न काढला की त्याच्याखालचं उत्तरही त्याच्याबरोबर जातं. त्याने एकट्या प्रेमानंदला बाहेर काढलं नव्हतं. तिलाही काढलं होतं.

"मी नंतर फोन करतो," असं म्हणून प्रेमानंदने फोन ठेवला. शहाणा माणूस.

भागम्मा खुर्चीत बसली. रोजच्याच. "चुकून झालं का?" तिने विचारलं.

व्हय म्हणाला असता तर भागलं असतं. तिने तो शब्द त्याच्यासमोर तयार ठेवला होता. पण काशप्पाने आयुष्यात चुकीची कॉपी काढली नव्हती आणि आताही चूक कबूल करणं त्याला जड गेलं.

"न्हाई. मुद्दाम केलो."

"कामून?"

"जळत होतो मी." बोलून गेल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. "त्यो इचारायचा अन् तू सांगायचीस. मला कधी न्हाई सांगितलीस ते सगळं त्येला. माझ्याच हातानं लिवून घ्यायचीस."

भागम्माला आधी हसू फुटलं. चौसष्ट वर्षांच्या बाईवरून नवरा जळतोय म्हटल्यावर कुणाला फुटणार नाही? तोंडाला पदर लावून ती हसली. मग थांबली.

"बरं," ती म्हणाली. "गेलं ते गेलं. सगळं तुमच्या हातानंच लिवल्यालं हाय. परत लिवा. बसा. ते खोलीचं घ्या आधी."

काशप्पाला वाटलं, सुटलो. त्याने खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि कळांच्या पाटीवर ठेवली. प्रश्न त्याला पाठ होता. "ताई, त्या वर्षी दर सोमवारी तुमचे यजमान बीदरला परत जात. ते गेल्यावर त्या खोलीत तुम्ही पहिलं काय करायचात? सांगावंसं वाटलं तरच सांगा." काना, मात्रा, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. मग त्याने नवी ओळ घेतली.

"अन् मी काय सांगितलं?" भागम्माने विचारलं.

काशप्पाला आठवत होतं की ती खिडकीकडे बघत होती. अकरा ओळी झाल्या होत्या हे आठवत होतं. सहाव्या ओळीत ती थांबली होती, आठवीत डोळे पुसले होते. अकरा ओळींतला एक शब्द आठवत नव्हता. त्याने डोळे मिटून पाहिलं, बोटं पाटीवर नुसती हलवून पाहिली, बोटांना तरी ठाऊक असेल म्हणून. काही आलं नाही.

ती वाट बघत राहिली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं.

"एक बी न्हाई?" ती म्हणाली.

"परत सांग," काशप्पा म्हणाला. "ह्या टायमाला ऐकतो. शपथ."

"कशाला? त्यो इचारला म्हणून सांगितल्ते. तुमी कुटं इचारलाव?"

"इचारतो की. आता इचारतो."

"इचारा."

काशप्पा खुर्ची वळवून तिच्यासमोर बसला. हात मांडीवर. काय विचारायचं, कुठून सुरू करायचं, एकेचाळीस वर्षांची बायको समोर असताना पहिला शब्द कोणता घालायचा, त्याला सुचेना. स्वतःचा म्हणून एक प्रश्न त्याच्याजवळ नव्हता. जो एक होता तो दुसऱ्याचा होता. शेवटी त्याने तोच घेतला.

"त्या वर्षी दर सोमवारी मी बीदरला परत यायचो," तो म्हणाला. "मी गेल्यावर त्या खोलीत तू पहिलं काय करायचीस?" तो अडखळला, आणि मग ते राहिलेलंही बोलला. "सांगावंसं वाटलं तरच सांग."

भागम्मा त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे.

"आज वाटंना," ती म्हणाली, आणि ज्वारी निवडायला आत गेली.